नव्या ऑपरेटरांचं ट्रेनिंग: माणूस जसा शिकतो, तसं आखता येईल का?

जॉबसेटर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण विषय मनापासूनचा आहे.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी टर्निंग करणाऱ्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर धातूचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) म्हणून लागलो. आता नव्या मुलांचं ट्रेनिंगही माझ्याकडे आलंय. दरवर्षी आयटीआयची बॅच येते, काही अप्रेंटिस, काही थेट ऑपरेटर. आमची आजवरची पद्धत म्हणजे पहिल्या दिवशी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवायचं. कंपनीची ओळख, सेफ्टी, फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), क्वालिटी पॉलिसी, मापन, ड्रॉइंग वाचन, मशीनची माहिती, सगळं नऊ ते पाच पीपीटीवर. शेवटी हजेरीपटावर सही आणि फीडबॅक फॉर्म. फॉर्मवर सगळे 'उत्तम' लिहितात. नंतर शॉपमध्ये त्यातलाच एखादा मायक्रोमीटरचा (बारीक माप घ्यायच्या साधनाचा) झीरो न तपासता माप घेतो आणि चांगला पीस रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये टाकतो.

मुलांना दोष द्यायचा नाही, हे आधीच सांगतो. हीच मुलं घरी ट्रॅक्टर चालवतात, मोटर रिवाइंड करतात, मोबाइल उघडून दुरुस्त करतात. ते त्यांना कुणी पीपीटीवर शिकवलेलं नाही. शिकायची ताकद भरपूर आहे, आमचा हॉल तिला वाव देत नाही.

मशीनवर एक गोष्ट मी नेहमी बघतो. ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास २५.०० अधिक-उणे ०.०२ आहे आणि मुलाचा पीस २५.०५ आला. तो घाबरून माझ्याकडे येतो. त्या क्षणी मी सांगितलं की वेअर ऑफसेटमध्ये (मापातली दुरुस्ती मशीनला सांगायची जागा) एक्सला, म्हणजे व्यासाला, उणे ०.०५ टाक, आणि पुढचा पीस मापात आला, तर ती गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसते. तीच गोष्ट हॉलमध्ये सांगितली होती तेव्हा त्याच्याकडे प्रश्नच नव्हता, मग उत्तर ठेवणार कुठे?

पुढच्या बॅचला 'तुझ्या पद्धतीने कर' असं साहेबांनी सांगितलंय. शिकवणं हे ज्यांचं काम आहे, मग ते हॉस्पिटलात असो, शेतात की शाळेत, त्यांनी लिहा. दिवस कसा पाडायचा, आधी काय, नंतर काय, आणि शिकले की नाही हे ओळखायचं कसं?

सिडकोकर | सोमवार, रात्री १०:२५

उत्पादन विभागात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. तुमची तळमळ समजते, पण दोन अडचणी सांगतो. पहिली वेळेची. एक दिवसाचं ट्रेनिंग म्हणजे एक दिवसाचं उत्पादन गेलं, एवढंच वरच्यांना दिसतं. तुम्ही तेच पंधरा दिवसांत वाटून द्यायला निघालात, तर रोज कुणीतरी विचारणार की ही पोरं मशीन सोडून कुठे गेली. दुसरी अडचण ऑडिटची. ऑडिटर फाईल मागतो. हजेरीपट, विषय, तास, सह्या. दिवसभराच्या हॉलची फाईल झटकन तयार होते, मशीनशेजारी उभं राहून सांगितलेल्याची होत नाही.

तुम्हाला अडवायचं नाहीये. या दोन्हींची उत्तरं आधी तयार ठेवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात गाडी परत हॉलमध्ये येईल.

गोदाकाठची | मंगळवार, सकाळी ७:०५

मी नर्सिंगच्या मुलींना आणि वॉर्डमधल्या स्टाफला शिकवते. सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं उदाहरण देते, कारण ते मोजता येतं.

छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात किमान ५ सेंटीमीटर खोल, ६ च्या पुढे नाही, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे वाक्य पाठ करायला पाच मिनिटं लागतात. हाताला कळायला मात्र पुतळ्यावर दाबावंच लागतं. पहिल्यांदा दाबताना जवळजवळ सगळ्या मुली कमी खोल दाबतात, कारण बरगडी मोडेल ही भीती असते. ती भीती बोलून जात नाही.

खरा प्रश्न पुढे आहे. सर्टिफिकेट दोन वर्षांचं असतं आणि कौशल्य काही महिन्यांतच ढासळायला लागतं. जगभर हे वारंवार दिसलंय. म्हणून आता भर आहे तो थोड्या थोड्या वेळाने छोटा सराव देण्यावर. आम्ही पुतळा स्किल लॅबमधून काढून वॉर्डच्या एका कोपऱ्यात ठेवला. ड्यूटी बदलताना ज्यांना वेळ आहे त्या दोन मिनिटं दाबतात, एक जण घड्याळ धरते आणि चुकतंय ते लगेच सांगते.

@सिडकोकर काका, वेळेचं उत्तर यात आहे. दिवस मागू नका. ड्यूटी बदलायच्या वेळेतली दहा मिनिटं मागा. ती कुणी नाकारत नाही.

काडी_घड | मंगळवार, दुपारी १:५०

आमचा द्राक्षांचा बाग दिंडोरीकडे. जेवणाच्या सुट्टीत वाचलं, म्हटलं आपलंही लिहावं.

ट्रेनिंग म्हणाल तर आमच्याकडे दोन प्रकार दिसतात. एक मंगल कार्यालयातला मेळावा. स्टेज, हार, भाषणं, शेवटी जेवण. दुसरी शेतीशाळा. शेतीशाळेत पीक उभं असताना, पेरणीपासून काढणीपर्यंत, ठरावीक दिवसांनी त्याच शेतात जमायचं. गटागटाने झाडं बघायची, किडी मोजायच्या, मित्रकीटक मोजायचे, कागदावर चित्र काढायचं आणि मग आपणच ठरवायचं की फवारणी लागते की नाही. शिकवणारा शेवटी बोलतो. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावर सुरू झाली, अन्न व कृषी संघटनेच्या कामातून. तिथे तपकिरी तुडतुड्यांनी भात खाल्ला होता आणि जास्त फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळीच मेले होते. कोळी मित्र आहे हे भाषणात सांगून कोण ऐकणार? त्यांनी शेतकऱ्यांना बरणीत कोळी आणि तुडतुडा एकत्र ठेवून बघायला लावलं. डोळ्यादेखत खाल्ला की विषय संपला.

आता बागेचं. छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात. नवीन पोरगी आली की मुकादम तिच्या हातात कात्री देत नाही. आधी पाला गोळा करायचा, काड्या उचलायच्या. मग शेंडा मोडणं, मग काडी तारेला बांधणं. मग विरळणी, तीही जुन्या बाईच्या शेजारी, त्याच वेलीवर, समोरासमोर. छाटणी सर्वांत शेवटी. कारण गोडी छाटणीत, म्हणजे फळासाठीच्या छाटणीत, सूक्ष्मघड (डोळ्यात दडलेला घड) कितव्या डोळ्यावर आहे ते बघून काप घ्यावा लागतो. एक डोळा अलीकडे काप गेला तर त्या काडीचा वर्षाचा घड गेला. पाला उचलण्यात चूक झाली तर काही बिघडत नाही. तोवर ती पोरगी रोज शेकडो काड्या बघत असते, कुणी न शिकवता.

जॉबसेटर | मंगळवार, रात्री ९:१५

काडी_घड दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात मशीनचा पॅनेल समजावतो आणि तयार पीस तो सर्वांत शेवटी हातात घेतो. तुमच्या मुकादमाचा क्रम बरोबर उलटा आहे, आणि मला तोच पटतोय.

गोदाकाठची ताई, पुतळा वॉर्डात आणल्याची कल्पना उचलतो. मोडीत काढलेल्या पीसचा एक क्रेट आणि एक मायक्रोमीटर शॉपमध्ये कायमचा ठेवता येईल.

आकडेमोड | मंगळवार, रात्री ११:३०

मी शिकवत नाही, पण स्मरण आणि शिकणं यांवरचं संशोधन बरीच वर्षं वाचतोय. इथे जे अनुभवातून आलंय त्याला आधार आहे, तो मांडतो.

पहिला मुद्दा विसरण्याचा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांचं पुस्तक छापलं. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळाने किती उरतं ते मोजायचं. सर्वांत मोठी घसरण सुरुवातीलाच होते आणि मग वेग कमी होतो. आणि तेवढीच उजळणी एका बैठकीत करण्यापेक्षा दिवसांवर वाटली तर जास्त टिकते, हेही त्याला दिसलं होतं.

आता तुमच्या कारखान्याच्या जवळचा प्रयोग. ब्रिटिश पोस्टात कामगारांना टायपिंगचा कीबोर्ड शिकवायचा होता. बॅडली आणि लाँगमन यांनी चार गट केले: रोज एक तास, रोज एक-एक तास दोनदा, रोज दोन तास, आणि रोज दोन-दोन तास दोनदा. निकाल १९७८ मध्ये छापला. रोज एकच तास बसणाऱ्यांना सर्वांत कमी तासांत कीबोर्ड आला. दिवस जास्त लागले, पण तास कमी. आणि आपल्या ट्रेनिंगवर सर्वांत नाखूश होता तोच गट! बरोबरीचे लोक पुढे गेलेले दिसतात, आपण मागे पडलो असं वाटतं. त्यामुळे तुमच्या फीडबॅक फॉर्मवर 'उत्तम' आलं यावरून शिकले की नाही हे कळत नाही. कधीकधी फॉर्म उलटंच सांगतो.

दुसरा मुद्दा आठवण्याचा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी कागद मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे चाचणी मोजमापापुरती नाही, तीच शिकवते. जॉबसेटर, तुम्ही रोज सकाळी 'काल काय पाहिलं' हे पीपीटी न लावता विचारलंत तर ते निम्मं ट्रेनिंग आहे.

तिसरा मुद्दा मिसळण्याचा. ऑफसेटचं उदाहरण तुम्हीच दिलंत. बाहेरचा व्यास मोठा आला तर उणे, बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान आला तर अधिक. समजा मुलाला दहा गणितं बाहेरच्या व्यासाची दिली आणि मग दहा बोअरची. प्रत्येक दहात तो पटापट सोडवेल, कारण चिन्ह ठरलेलं आहे, विचार करावाच लागत नाही. हीच वीस गणितं फेटून दिली की अडखळेल, चुकेल, वेळ लावेल. पण शॉपमध्ये पीस फेटूनच येतात. गणिताच्या सरावावर रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये हेच दाखवलं: सरावात मिसळलेला गट मागे, नंतरच्या परीक्षेत पुढे.

आणि काडी_घड यांच्या मुकादमासाठी एक गोष्ट. जीन लेव्ह ही मानववंशशास्त्रज्ञ लायबेरियातल्या शिंप्यांबरोबर राहून त्यांची उमेदवारी अभ्यासत होती. तिथे नवा मुलगा आधी तयार कपड्याचं शेवटचं काम शिकतो, बटणं आणि हाताची टीप. मग शिवण, आणि कापड बेतणं सर्वांत शेवटी. कपडा बनायच्या क्रमाच्या बरोबर उलट. कारण दिंडोरीतलंच. बटण चुकलं तर उसवता येतं, कापड चुकीचं कापलं तर गेलं. आणि शेवटापासून सुरुवात केल्याने पूर्ण वस्तू कशी दिसते हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

मनमाड_पॅसेंजर | बुधवार, सकाळी १०:१०

वाचनखूण साठवली. मी सातपूरला एचआरमध्ये आहे. आम्ही ट्रेनिंगआधी प्रत्येकाची चाचणी घेतो: कोण बघून शिकणारा, कोण ऐकून, कोण करून. त्याप्रमाणे गट पाडता येतील. शिवाय तो त्रिकोण सर्वांनी पाहिला असेल: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के.

आकडेमोड | बुधवार, सकाळी ११:४५

@मनमाड_पॅसेंजर, या दोन्हींवर मी ठाम विरोधी मत देतो, राग मानू नका. हे इतक्या ठिकाणी छापून आलंय की पटणं साहजिक आहे.

बघून शिकणारे आणि ऐकून शिकणारे असे गट पाडून त्यांना तसतसं शिकवलं तर जास्त शिकतात का, याचा पुरावा चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तपासला. पॅशलर हे त्यांतले पहिले नाव. पद्धत वापरावी एवढा पुरावा मिळाला नाही. माणसाला आवड असते, हे खरं. पण कसं शिकवायचं ते बहुतेक वेळा विषय ठरवतो. मायक्रोमीटरचा रॅचेट (टोकाची फिरकी) किती फिरवायचा हे 'ऐकून शिकणाऱ्यालाही' बोटांनीच कळणार.

आणि त्रिकोण. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला, त्यात टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले. इतके गोल आकडे माणसाच्या स्मरणातून निघत नाहीत, एवढ्यावरूनही शंका यायला हवी.

मनमाड_पॅसेंजर | बुधवार, दुपारी १२:२०

राग कसला? टक्क्यांचा तक्ता आमच्या हॉलच्या भिंतीवर आहे. त्याबद्दल विचारेन वर.

फिटर_पोरगा | बुधवार, रात्री ८:३०

मी शिकणाऱ्यांच्या बाजूने लिहू का? गेल्या वर्षी आयटीआय झालं, आता अप्रेंटिस आहे.

हॉलमध्ये सगळं समजतं. खरंच समजतं, सर. साहेब विचारतात 'समजलं?' तेव्हा आम्ही हो म्हणतो ते खोटं नसतं. मशीनवर गेल्यावर कळतं की आलं नाही. आणि तेव्हा विचारायला लाज वाटते, कारण काल हो म्हटलेलं असतं. मग शेजारच्या ऑपरेटरला हळूच विचारतो, तो त्याच्या पद्धतीने सांगतो. तसं नीट शिकवणारा शेजारी मिळाला तर नशीब.

दुसरं, जुने लोक फार भराभर बोलतात. 'झीरो मार, टूल टच कर, ऑफसेट घे.' त्यांना ते एक काम वाटतं, आम्हाला ती आठ कामं असतात. कुठलं बटण आधी हेही माहीत नसतं.

पहिल्या दिवशी प्रश्न विचारला तर चालतं, हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. आणि नंतर सुद्धा चालतं हे पण.

आकडेमोड | बुधवार, रात्री ९:००

फिटर, तुझं निरीक्षण फार मोलाचं आहे. यावर एक प्रयोग आहे, १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन हिने केलेला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. सेटर जेव्हा 'ऑफसेट घे' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात आठही पायऱ्या वाजत असतात.

सावळघाट | गुरुवार, सकाळी ६:४५

मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली मुलं घरी कोकणा बोलतात. तुमच्याकडे येणाऱ्या मुलांत अशी काही असणारच, म्हणून लिहिते.

प्रमाण मराठी त्यांची दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. पीपीटीवर इंग्रजी वाक्य दिसलं की मूल आधी ते उलगडण्यात गुंततं, आशयाकडे लक्ष जायला काही उरत नाही. डोक्यात एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी धरता येतात. त्यातल्या दोन भाषेनेच व्यापल्या तर मायक्रोमीटरसाठी जागा कुठली? वस्तू समोर ठेवा, बोट ठेवून दाखवा, आणि एकमेकांत त्यांच्या बोलीत बोलू द्या. सुपरवायझरला ती बोली येत नसली तरी चालेल. एक मूल दुसऱ्याला त्याच्या भाषेत समजावतं तेव्हा समजावणाऱ्याचंही पक्कं होतं, हे मी रोज बघते.

आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचंही सांगते. ज्ञानरचनावादावर, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं यावर, मी एका सभागृहात दिवसभराचं व्याख्यान ऐकलंय. वरून खाली उतरत येणाऱ्या प्रशिक्षणात प्रत्येक पायरीवर कृती गळते आणि बोलणं उरतं, कारण बोलणं वाहून नेणं सोपं. तुमच्याकडे तुम्ही एका सेटरला शिकवणार आणि तो मुलांना शिकवणार असेल, तर सेटरला सूचनांचा कागद देऊ नका. त्याला तुमच्यासमोर एकदा शिकवायला लावा आणि पाहा.

सिडकोकर | गुरुवार, सकाळी ९:३०

सावळघाट बाईंच्या शेवटच्या वाक्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. त्यावरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतले कामगार सैन्यात गेले आणि कधी मशीन न पाहिलेले लोक कामावर आले. त्यांना लवकर तयार करायला १९४० ते १९४५ मध्ये ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. त्यात कामगारांना थेट शिकवत नसत, सुपरवायझरला शिकवायचं कसं ते शिकवत. चार पायऱ्या होत्या: माणसाला मोकळं करून त्याला काय येतं ते विचारा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या आणि करताना त्यालाच समजावून सांगायला लावा, मग एकटं सोडा पण वरचेवर बघत राहा. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, हे त्यांचं घोषवाक्य. पुढे हे जपानला गेलं आणि टोयोटाच्या पद्धतीत मुरलं.

या पद्धतीचा गाभा म्हणजे कामाची फोड. एका कागदावर तीन रकाने: पायरी, त्यातली खुबी, आणि खुबीचं कारण. 'रॅचेट फिरवा' ही पायरी. 'आवाज आला की थांबा' ही खुबी. 'जास्त दाबलं तर माप कमी येतं' हे कारण. फिटर म्हणतो त्या आठ पायऱ्या कागदावर उतरवल्याशिवाय जुन्या माणसालाही दिसत नाहीत. हे काम वेळखाऊ आहे, पण एकदाच करायचं असतं.

आणि ऑडिटचं माझं मीच उत्तर देतो. आयएसओ ९००१ असो की वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९, मानक सक्षमता मागतं आणि दिलेल्या प्रशिक्षणाची परिणामकारकता तपासलीत का ते विचारतं. नऊ ते पाच बसवलं होतं का, असं कुठेही विचारलेलं नाही. मुलाने तुमच्यासमोर दहा पीस मोजले, त्याची मापं आणि तुमची मापं शेजारीशेजारी लिहून दोघांच्या सह्या, हा कागद हजेरीपटापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे. ऑडिटर खूश होईल.

तपोवन | गुरुवार, दुपारी ४:००

थोडं अवांतर. २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. स्वयंसेवकांच्या तयारीचं आमच्या मंडळात बोलणं चाललंय आणि तिथेही सगळे हॉल शोधतायत. २००३ मध्ये सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली होती ते विसरता येत नाही. हा धागा वाचून मी सुचवणार आहे की हॉलऐवजी प्रत्येक गटाने आपापल्या जागी, रामकुंडाच्या वाटेवर किंवा दहीपुलाच्या उतारावर, वेगवेगळ्या वेळी उभं राहून बघावं. गर्दी मागून दाबायला लागली तर इथून माणसं कुठे वळवायची, हे तिथेच एकमेकांना विचारावं. आणि हे एकदा करून सोडू नये, दर महिन्याला करावं.

गोदाकाठची | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

@तपोवन, नक्की करा. प्रत्येक सरावानंतर पाच मिनिटं गोल बसा आणि 'काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय' एवढंच बोला. कुणाला रागवायचं नाही. आमच्याकडे सरावाइतकंच या पाच मिनिटांना महत्त्व आहे.

जॉबसेटर | शनिवार, रात्री १०:०५

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस बसून आराखडा केला, इथे टाकतो. तपासा.

पहिल्या दिवशी फक्त सेफ्टी, आणि तीही मशीनशेजारी. ही एक गोष्ट आधीच सांगावी लागणार, तिला प्रश्न पडण्याची वाट बघता येत नाही. फिरत्या चकजवळ (पीस धरून फिरवणाऱ्या भागाजवळ) हातमोजे नाहीत, अंगठी नाही, चिप (कापलेल्या धातूची सळ) हाताने ओढायची नाही, हूक वापरायचा, इमर्जन्सी बटण डोळे मिटून सापडलं पाहिजे. प्रत्येकाने ते बटण दाबून दाखवायचं. क्वालिटी पॉलिसी आणि कंपनीचा इतिहास दुसऱ्या आठवड्यात, तोपर्यंत त्यांना कंपनीबद्दल काहीतरी विचारावंसं वाटू लागेल.

मग मुकादमाचा क्रम. सुरुवात फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर. क्रेटमध्ये चांगले-वाईट पीस मिसळून देणार आणि कुठलंही साधन न देता वाईट शोधायला सांगणार. काही दिसतील, काही दिसणारच नाहीत. मग गो-नोगो गेज (माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारं), मग मायक्रोमीटर. साधन का लागतं हे तोवर त्यांनाच कळलेलं असेल. पुढे डीबरिंग (कडेचे धारदार कंगोरे काढणं), मग पीस लोड-अनलोड, मग ऑफसेट, आणि सेटिंग सर्वांत शेवटी, काही महिन्यांनी. कापड बेतण्यासारखं.

प्रत्येक शिफ्टची पहिली पंधरा मिनिटं प्रश्नांची. कालचा एक, गेल्या आठवड्याचा एक, त्याआधीचा एक. 'बोअर ४०.०० पाहिजे होता, ३९.९५ आला, ऑफसेट कुठल्या चिन्हाचा, किती?' आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, मग शेजाऱ्याला समजवायचं, ज्या भाषेत जमेल त्या. मार्क नाहीत. गणितं फेटलेली. सुरुवातीला मुलं अडखळणार हे साहेबांना आधीच सांगून ठेवलंय, नाहीतर त्यांना वाटेल की पद्धत फसली.

कामाची फोड सिडकोकर काकांच्या तीन रकान्यांत. चार कामांची झाली. 'टूल टच' लिहायला बसलो तेव्हा मोजल्या, फिटर, आठ नाही, अकरा पायऱ्या निघाल्या. जी मुलं आधीच कुठे काम करून आलीत त्यांना या पायऱ्यांतून नेणार नाही, त्यांना थेट बिघडलेला पीस देऊन कारण शोधायला लावणार. येतंय त्याला तेच पुन्हा पायरीपायरीने सांगितलं की त्याचं लक्ष उडतं, कधीकधी कामही बिघडतं.

शिकले की नाही हे फीडबॅक फॉर्मवरून ठरवणार नाही. पहिल्या महिन्याच्या शेवटी आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दहा पीसची मोजणी, दोघांच्या सह्या.

काडी_घड | रविवार, सकाळी ८:१०

झकास. एकच विचारतो. आमच्याकडे जुन्या बाईच्या शेजारी नवी पोरगी दिली की जुनीची ओळ मागे पडते. उक्तं काम असेल तर तिचे पैसे बुडतात, मग ती शिकवत नाही, नुसतं पुढे निघून जाते. मुकादम शहाणा असला तर त्या दिवसांची तिची मजुरी रोजाने धरतो. तुमच्या सेटरचं काय? त्याचं टार्गेट तेच राहिलं तर तो तरी कशाला थांबेल?

जॉबसेटर | रविवार, सकाळी ११:३०

दादा, नेमका हाच मुद्दा घेऊन काल साहेबांकडे गेलो होतो. ज्या सेटरकडे नवा मुलगा आहे त्याचं पहिल्या दोन आठवड्यांचं टार्गेट कमी धरायचं आणि इन्सेंटिव्ह मागच्या महिन्याच्या सरासरीने द्यायचा, असं मागितलं. टार्गेटला ते हो म्हणाले. इन्सेंटिव्हचं अकाउंट्सला विचारून सांगतो म्हणाले. ते लेखी हातात येईपर्यंत बॅच हॉलमध्ये बसवू नका, थेट माझ्याकडे इन्स्पेक्शनला पाठवा, एवढं मी सांगून आलोय. तेवढं काम माझ्या एकट्याच्या हातातलं आहे.

फिटर, तू अंबडमध्येच असशील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. प्रश्नांच्या चिठ्ठ्या तयार करायच्या आहेत आणि त्या शिकणाऱ्यानेच लिहिलेल्या हव्यात.